किशोरवयीन मुलांचा राग: भडकण्यापूर्वी आणि निवळल्यानंतर

'मोबाइल ठेव आणि झोपायला जा' एवढे साधे वाक्य उच्चारले जाते, पुढच्या अर्ध्या मिनिटात दोन्हीकडचे आवाज चढतात आणि काल-परवापर्यंत मागे मागे फिरणारे मूल 'तुम्हाला काही कळतच नाही' असे सुनावून, दार आपटून खोलीत निघून जाते. अशा प्रसंगानंतर पालकांना दोन प्रश्न पडतात. एवढ्याशा कारणावरून एवढा राग का, आणि अशा वेळी आपण नेमके करायचे काय? बहुतेक सल्ले दुसऱ्या प्रश्नाकडे धाव घेतात. परंतु पहिल्या प्रश्नाचे उत्तर नीट समजले, तर दुसऱ्याचे बरेचसे उत्तर त्यातच मिळते. राग भडकलेला असतो त्या क्षणी समजावण्यासारखे आणि शिकवण्यासारखे फार थोडे असते. ते काम भडकण्यापूर्वी आणि निवळल्यानंतर करावे लागते.

हे वय अवघड असते ही समजूत जुनी आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जी. स्टॅन्ली हॉल यांनी १९०४ मध्ये पौगंडावस्थेवर दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि या वयाचे वर्णन वादळाचा व तणावाचा काळ असे केले. पुढच्या संशोधनाने हे चित्र बरेच सौम्य केले. बहुसंख्य किशोरवयीन मुलांचे आईवडिलांशी असलेले संबंध मुळात चांगलेच राहतात. वयात येण्याच्या सुरुवातीच्या वर्षांत खटके अधिक वेळा उडतात, आणि नंतर त्यांची संख्या कमी होत गेली तरी मधल्या काही वर्षांत प्रत्येक खटक्यातली तीव्रता वाढलेली असते. म्हणजे चिडचिड वाढणे अपेक्षित आहे, घर रणांगण होणे मात्र अपेक्षित नाही. हा फरक पुढे, मदत केव्हा घ्यावी हे ठरवताना, उपयोगी पडतो.

शरीरात काय घडते

राग ही मुळात धोक्याला तोंड देण्यासाठी शरीराने केलेली तयारी आहे. वॉल्टर कॅनन या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९१५ मध्ये दाखवून दिले की भीती आणि संताप या दोन्ही अवस्थांत शरीर जवळपास सारखेच वागते: ॲड्रेनॅलिन स्रवते, हृदयाचे ठोके वाढतात, रक्त पोटाकडून स्नायूंकडे वळते आणि प्राणी लढायला किंवा पळायला सज्ज होतो. मेंदूतील अमिग्डला हा लहानसा भाग धोक्याची चाहूल घेण्यात महत्त्वाचा असतो. तो विचार पूर्ण होण्याची वाट पाहत नाही. आलेल्या ऊर्मीला आवर घालणे, परिणामांचा अंदाज घेणे, समोरच्याची बाजू लक्षात घेणे ही कामे प्रामुख्याने कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्स या भागाकडे असतात, आणि त्याची घडण विशीच्या मध्यापर्यंत चालू राहते. भावनांशी संबंधित भाग वयात येताना अधिक संवेदनशील होतात, त्यांना आवर घालणारा भाग मात्र सावकाश परिपक्व होतो. किशोरवयातल्या रागाचे बरेचसे स्वरूप या अंतरातून येते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे, कारण मेंदूविषयीची ही माहिती अनेकदा 'या वयात मुलांना अक्कलच नसते' अशा थाटात सांगितली जाते. तसे नाही. शांत वेळी, विचार करायला अवधी असताना, पंधरा-सोळा वर्षांची मुले प्रौढांइतकाच तर्कशुद्ध विचार करू शकतात. भावना पेटलेल्या असतात, किंवा बरोबरीची मुले पाहत असतात, तेव्हा हीच क्षमता ढासळते. म्हणून सकाळी अत्यंत समंजसपणे बोलणारी मुलगी रात्री अकरा वाजता त्याच विषयावर आकांडतांडव करते, तेव्हा सकाळचा समंजसपणा ढोंगी होता असा निष्कर्ष काढू नये. दोन्ही वेळी ती खरीच असते. मुलांच्या रागाचे सगळे खापर संप्रेरकांवर फोडण्याची सवयही सोडून द्यावी. वयात येण्याच्या बदलांचा मेंदूवर परिणाम होतो हे खरे, पण टेस्टोस्टेरॉनचा रागाशी थेट संबंध लोक समजतात तितका बळकट आढळलेला नाही.

मग क्षुल्लक कारणावरून एवढा उद्रेक का? एका घटनेने शरीरात निर्माण झालेली उत्तेजना लगेच ओसरत नाही आणि पुढच्या, पूर्णपणे वेगळ्या घटनेत मिसळते, असे डॉल्फ झिलमन यांनी १९७० च्या दशकातील प्रयोगांतून दाखवले. शाळेत वर्गासमोर झालेला अपमान, मित्रांच्या गटातून बाजूला पडल्याची जाणीव, उद्याच्या परीक्षेची धास्ती हे सारे अंगात घेऊन मूल घरी येते, आणि 'ताट उचलून ठेव' हे वाक्य त्या साठलेल्या उत्तेजनेवर पडते. पालकांना दिसते ते फक्त शेवटचे वाक्य आणि त्यावरची प्रतिक्रिया. त्या दोहोंचे प्रमाण जुळत नाही, म्हणून मूल उद्धट वाटते.

यात झोपेचा वाटा फार मोठा आहे आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप हवी, अशी निद्रातज्ज्ञांची शिफारस आहे. परंतु वयात येताना झोप आणणारे मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागते, त्यामुळे मुलांना खरोखरच लवकर झोप येत नाही. शाळा मात्र सकाळी लवकर भरते, आणि हाताशी असलेला मोबाइल ही वेळ आणखी पुढे ढकलतो. कमी झोपलेल्या मेंदूत भावनांवरचा ताबा सैल होतो हे प्रयोगांत वारंवार आढळले आहे. रागाविषयी काहीही करण्यापूर्वी दोन आठवडे झोपेची घडी बसवून पाहावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तीच गोष्ट भुकेची. उपाशी पोटी आणि अपुऱ्या झोपेत केलेल्या वर्तनावरून मुलाच्या स्वभावाचे निदान करू नये.

राग कशाबद्दल असतो

शरीर तयार असले तरी राग येण्यासाठी घटनेचा काहीतरी अर्थ लावावा लागतो. कॉरिडॉरमध्ये कोणाचा तरी धक्का लागला, तर तो चुकून लागला की मुद्दाम मारला? केनेथ डॉज या मानसशास्त्रज्ञाने १९८० पासून केलेल्या अभ्यासांत असे आढळले की आक्रमक मुले अशा संदिग्ध प्रसंगांत समोरच्याचा हेतू वाईटच होता असे इतरांपेक्षा अधिक वेळा गृहीत धरतात. ज्या मुलांनी मार, टोमणे किंवा छळ अनुभवला आहे त्यांच्यात ही सवय अधिक दिसते, आणि त्यात नवल नाही, कारण त्यांच्या अनुभवात तो अंदाज अनेकदा बरोबर ठरलेला असतो. ही सवय बदलता येते, पण 'तू उगाच वाईट विचार करतोस' असे म्हटल्याने नव्हे. 'त्याने उत्तर दिले नाही, याची आणखी कोणती कारणे असू शकतील?' असा प्रश्न शांत वेळी विचारल्याने ती हळूहळू बदलते.

घरातल्या भांडणांचा अर्थ लावण्यासाठी ज्युडिथ स्मेटाना यांचे संशोधन मला सर्वांत उपयुक्त वाटते. नियमांच्या बाबतीत किशोरवयीन मुले सरसकट बंडखोर नसतात. दुसऱ्याला इजा करू नये, चोरी करू नये, जिवाला धोका होईल असे वागू नये, हे सांगण्याचा पालकांचा अधिकार ती बहुतांशी मान्य करतात. वाद पेटतो तो कपडे, केस, खोलीतला पसारा, मैत्री, मोकळा वेळ अशा बाबींवर, ज्या मुलांच्या दृष्टीने त्यांच्या खाजगी असतात आणि पालकांच्या दृष्टीने शिस्तीच्या, सुरक्षिततेच्या किंवा घराच्या रीतीच्या असतात. पसाऱ्यावर आई बोलते ती स्वच्छतेविषयी; मुलाला ऐकू येते ते 'ही खोलीसुद्धा तुझी नाही'. दोघेही आपापल्या जागी खरे बोलत असतात, पण दोघांचा विषय वेगळा असतो, म्हणून असा वाद कितीही वेळ चालला तरी संपत नाही. मुलाच्या वयानुसार कोणती क्षेत्रे त्याच्या ताब्यात द्यायची, कोणती दोघांनी मिळून ठरवायची आणि कोणत्या बाबतींत पालकांचाच शब्द अखेरचा राहील, हे एकदा बसून ठरवले तर रोजच्या खटक्यांपैकी बरेच मुळातच उद्भवत नाहीत. शेवटच्या गटातल्या बाबी जितक्या कमी, तितक्या त्या पाळल्या जाण्याची शक्यता अधिक.

रागाच्या तळाशी पुष्कळदा दुसरीच भावना असते: लाज, भीती, दुखावले जाणे, नाकारले गेल्याची जाणीव. मुलग्यांना लहानपणापासून रडण्यावरून हिणवले जाते, पण चिडण्याची मात्र मुभा मिळते. त्यामुळे त्यांचे दुःखही संतापाच्या रूपात बाहेर पडते. मुलींच्या बाबतीत उलट घडते. त्यांनी आवाज चढवलेला खपत नाही, म्हणून त्यांचा राग अबोल्यात, धुसफुशीत, डोकेदुखीत किंवा स्वतःलाच दोष देण्यात जिरतो. जे मूल कधीच चिडत नाही त्याला राग येतच नाही, असे समजून निर्धास्त राहू नये.

भडकलेल्या क्षणी

जेराल्ड पॅटरसन यांनी अनेक वर्षे कुटुंबांचे प्रत्यक्ष निरीक्षण करून १९८२ मध्ये एका चक्राचे वर्णन केले. पालक काही सांगतात. मूल नकार देते. पालक आवाज चढवतात. मूल त्याहून वर चढवते. अखेरीस दोघांपैकी एकजण माघार घेतो. पालकांनी माघार घेतली तर मूल शिकते की पुरेसे ओरडले की मागणी टळते. मुलाने घेतली तर पालक शिकतात की पुरेसे ओरडले की काम होते. दोन्ही बाजूंना ओरडण्याचेच बक्षीस मिळते, आणि पुढचे भांडण आधीच्या भांडणाच्या वरच्या पट्टीत सुरू होते. या चक्रात जिंकण्याला काही अर्थ नसतो.

आरडाओरड्याचा परिणाम केवळ त्या संध्याकाळपुरता राहत नाही. मिंग-टे वांग आणि सारा केनी यांचा २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की तेराव्या वर्षी आईवडिलांकडून ओरडून, शिव्या देऊन किंवा अपमान करून शिस्त लावली गेली, तर पुढच्या वर्षभरात मुलांतील वर्तनाच्या तक्रारी आणि नैराश्याची लक्षणे वाढली. एरवी घरात जिव्हाळा असला तरी हा परिणाम सौम्य झाला नाही. 'मी ओरडते, पण प्रेमही तितकेच करते' या समाधानाला त्यामुळे फारसा आधार उरत नाही.

तेव्हा त्या क्षणी प्रौढाचे काम एकच: तापमान उतरवणे. आवाज हळू, वाक्ये छोटी, अंतर थोडे अधिक. शक्य असल्यास उभे न राहता बसून बोलावे, आणि दरवाजा अडवून उभे राहू नये. 'शांत हो' ही आज्ञा सहसा उलटा परिणाम करते, कारण तिच्यात मुलाच्या रागाला कारणच नाही असे ध्वनित होते. 'तुला खूप राग आलाय हे दिसतंय. आत्ता आपण दोघंही नीट बोलू शकणार नाही. जेवण झाल्यावर बोलू' एवढे पुरेसे असते. मूल खोलीत गेले तर मागोमाग जाऊन मुद्दा पूर्ण करण्याचा मोह आवरावा. उत्तेजना ओसरायला वीस मिनिटे ते अर्धा तास सहज लागतो, आणि त्याआधी विषय पुन्हा काढला तर ती नव्याने चढते. त्याच क्षणी मोबाइल हिसकावणे, महिनाभराची बंदी जाहीर करणे, जुन्या चुकांची यादी वाचणे या गोष्टींनी आगीत तेल पडते. शिवाय रागात ठोठावलेली शिक्षा नंतर पाळता येत नाही, आणि न पाळलेली शिक्षा पुढच्या वेळी कोणी खरी मानत नाही.

आवाज हळू ठेवणे म्हणजे सगळे खपवून घेणे नव्हे. राग येण्याला मनाई नाही. मारणे, वस्तू फेकणे, धमकावणे, घाणेरड्या शिव्या देणे याला मनाई आहे, ही रेघ आधीच, शांत वेळी स्पष्ट केलेली असावी आणि ती पालकांनाही लागू असावी. हात उगारणाऱ्या घरात हात न उगारण्याचा नियम मुलाला शिकवता येत नाही.

निवळल्यानंतर

पुष्कळ घरांत वादळ शमले की सर्वजण सुटकेचा श्वास टाकतात आणि तो विषय पुन्हा निघत नाही. ही संधी वाया जाते, कारण मूल याच वेळी विचार करू शकते. बोलताना निवाड्याऐवजी घटनाक्रमापासून सुरुवात करावी: नेमके काय झाले, त्याआधी दिवसभरात काय झाले होते, अंगात पहिल्यांदा काय जाणवले. जबडा आवळणे, कान तापणे, मुठी वळणे, छातीत धडधड ही प्रत्येकाची वेगळी पूर्वसूचना असते, आणि ती ओळखता आली तर उद्रेकापूर्वीचे काही क्षण हाती येतात. 'तू नेहमी असाच वागतोस' याऐवजी 'तू काल दार आपटलंस तेव्हा मला धक्का बसला आणि वाईटही वाटलं' असे म्हटले, तर स्वतःचा बचाव करण्याची गरज कमी होते. पालकांचाही तोल गेला असेल तर 'मीही फार बोललो, ते चुकलं' असे सरळ म्हणावे. त्याने अधिकार कमी होत नाही. परिणाम मात्र टळू नयेत: फोडलेली वस्तू दुरुस्त करणे किंवा तिची भरपाई करणे, दुखावलेल्या भावंडाची माफी मागणे हे कृतीशी जोडलेले, छोटे आणि लगेच पूर्ण होणारे असावे.

भावनेला नाव देणे ही वरवर किरकोळ वाटणारी गोष्ट उपयोगी ठरते. मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये केलेल्या प्रयोगात, भावनेने भरलेल्या चेहऱ्यांची छायाचित्रे पाहताना त्या भावनेसाठी योग्य शब्द निवडला की अमिग्डलाची सक्रियता कमी होते, असे मेंदूच्या प्रतिमांत दिसले. ज्या मुलाकडे सगळ्यासाठी 'डोकं फिरलंय' एवढाच शब्दप्रयोग आहे, त्याला अपमान, मत्सर, थकवा, हतबलता यांतला फरक करता येत नाही आणि त्यावरचे वेगवेगळे उपायही सुचत नाहीत.

मुलांना सर्रास दिला जाणारा एक सल्ला मात्र मागे घ्यायला हवा. माणसाचे मन म्हणजे झाकण लावलेले भांडे असून आतली वाफ बाहेर काढली नाही तर स्फोट होईल, म्हणून उशीवर ठोसे मारावेत, जोरात ओरडावे, असे सांगितले जाते. ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये हे तपासले. मुद्दाम चिडवलेल्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांनी चिडवणाऱ्याला आठवत पिशवीवर ठोसे मारले, त्यांचा राग सर्वांत जास्त राहिला. जे काहीही न करता नुसते बसून होते, ते सर्वांत कमी आक्रमक ठरले. २०२४ मध्ये सोफी केयर्विक आणि बुशमन यांनी दीडशेहून अधिक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हाही हेच दिसले: खोल श्वसन, ध्यान, स्नायू शिथिल करणे, योगासने अशा शरीराची उत्तेजना उतरवणाऱ्या गोष्टींनी राग कमी होतो, ती चढवणाऱ्या गोष्टींनी एकंदरीत होत नाही. धावल्यानेही राग उतरत नव्हता. नियमित व्यायामाचे झोप आणि मनःस्थिती यांसाठीचे फायदे आपल्या जागी आहेत. येथे प्रश्न फक्त चढलेला राग त्या वेळी उतरवण्याचा आहे.

श्वासाची पद्धत साधी आहे: नाकाने सावकाश श्वास घ्यायचा आणि त्याहून अधिक वेळ घेऊन सोडायचा, मिनिटाला साधारण सहा श्वास या गतीने, काही मिनिटे. सोडतानाचा श्वास लांबला की हृदयाची गती मंदावते. पण हे भडकलेल्या अवस्थेत पहिल्यांदा करून पाहिले तर जमत नाही आणि मूल म्हणते, 'याचा काही उपयोग नाही.' आधी शांतपणी सराव हवा. हाच विचार रेमंड नोव्हाको यांच्या पद्धतीच्या मुळाशी आहे. रागावर नियंत्रण शिकवण्याची पद्धतशीर मांडणी त्यांनी १९७५ मध्ये केली, आणि आजही अनेक समुपदेशक तिचेच कुठले ना कुठले रूप वापरतात. चिथावणीच्या प्रसंगाची आधीच तयारी करायची, स्वतःशी बोलायची वाक्ये ठरवायची ('हा मला चिडवायला बघतोय, मी आत्ता उत्तर दिलंच पाहिजे असं नाही'), कल्पनेत आणि मग नाट्यरूपाने सराव करायचा, आणि प्रसंगानंतर काय जमले, काय नाही याचा आढावा घ्यायचा. यात राग गिळायला सांगितलेले नाही. भावना चेहऱ्यावर दाबून ठेवली तरी शरीरातली उत्तेजना तशीच राहते, कधी वाढतेही; घटनेकडे दुसऱ्या बाजूने पाहिल्यास मात्र भावनाच खरोखर उतरू शकते, असे जेम्स ग्रॉस यांच्या १९९८ च्या प्रयोगांपासून दिसत आले आहे.

तज्ज्ञांकडे केव्हा जावे

लहान आणि किशोरवयीन मुलांतील नैराश्य उदासीऐवजी चिडचिडीच्या रूपात दिसू शकते. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-नियमावलीत हे स्पष्टपणे नोंदलेले आहे. त्यामुळे दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज चिडचिड असेल आणि तिच्याबरोबर झोप किंवा भूक बदलली असेल, आवडत्या गोष्टींतला रस गेला असेल, अभ्यासात एकाएकी घसरण झाली असेल, तर ते 'वयाचे' म्हणून सोडून देऊ नये. अवधानाच्या आणि अतिचंचलतेच्या अडचणी, चिंताविकार, शाळेतील किंवा ऑनलाइन छळ, व्यसन, लैंगिक अत्याचार यांपैकी काहीही रागामागे असू शकते. स्वभावात अचानक झालेला बदल हा जन्मजात तापट स्वभावापेक्षा अधिक काळजीचा असतो. २०१३ पासून त्याच नियमावलीत आणखी एका विकाराची नोंद आहे: आठवड्यातून तीन किंवा अधिक वेळा तीव्र उद्रेक, मधल्या वेळातही सततची चिडचिड, आणि हे किमान वर्षभर, तेही दहाव्या वर्षाच्या आधीपासून. निदान अर्थातच तज्ज्ञांनी करायचे असते.

मूल मरणाची किंवा स्वतःला इजा करण्याची भाषा बोलत असेल, शस्त्र हाती घेत असेल, माणसांना किंवा प्राण्यांना मारत असेल, घरातल्यांना त्याची भीती वाटू लागली असेल, तर वाट न पाहता त्याच दिवशी मदत घ्यावी. 'नुसते धमकावतोय' असा अंदाज बांधण्याचा धोका पत्करू नये.

उपचार बहुतेक वेळा बोलण्याचे असतात, औषधांचे नव्हे. विचार, शरीर आणि वर्तन यांवर एकत्र काम करणाऱ्या पद्धतींना चांगला आधार आहे, आणि पालकही सत्रांत सहभागी झाले तर परिणाम अधिक टिकण्याची शक्यता असते. अपेक्षा मात्र बेताच्या ठेवाव्यात. राग नाहीसा होणार नाही, आणि सुरुवातीला त्याची वारंवारताही कदाचित तेवढीच राहील. सुधारणा आधी दुसरीकडे दिसते: दोन दिवस चालणारा अबोला संध्याकाळपर्यंत संपतो, वस्तू फेकण्याऐवजी मूल उठून दुसऱ्या खोलीत जाते, किंवा अर्ध्या तासाने स्वतःहून येऊन म्हणते, 'मघाशी जास्त बोललो मी.' समुपदेशक पालकांना महिनाभर नोंदी ठेवायला सांगतात त्या याचसाठी, कारण रोजच्या धबडग्यात हे बदल पालकांच्या लक्षात येत नाहीत.